पिंगभाऊ

पिंगभाऊला तुम्ही ओळखता. त्याचं खरं नाव काहीही असो, तो तुमच्या गल्लीत, मेसमध्ये, नाहीतर तुमच्याच घराच्या वरच्या खोलीत राहतो. आमच्या गोंदियातला रोज संध्याकाळी कुडवा नाक्याजवळच्या एका पानठेल्यावर सापडतो. फोन आडवा, मान वाकडी, कानात एकच इअरफोन (दुसऱ्यातून नुसती खरखर येते) आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी हातात घ्यायलाही फुरसत नाही. मग एकदम आरोळी येते, "अबे पिंग पाय ना माझा! पिंग पाय!" म्हणजे साहेब पुन्हा मेले.

बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये माणूस कशानंही मरतो. मागून गोळी लागते, आवळत येणाऱ्या झोनमध्ये अडकतो, स्वतःच फेकलेला बॉम्ब स्वतःच्याच पायाशी फुटतो. पिंगभाऊ आजवर यांतल्या कशानंही मेलेला नाही. तो फक्त पिंगनं मरतो. एकदा एरँगलच्या नकाशात एका उंच टॉवरवरून सरळ खाली आला. आसपास शत्रू नव्हता, गोळी नव्हती, वारासुद्धा नव्हता. उचलायला धावलेल्या भिडूला म्हणाला, "जमीन उशिरा आली."

हे गेमपुरतं राहिलं असतं तर मी हा कागद खर्च केला नसता. पण पिंग फोनमधून बाहेर पडला. पोलीस भरतीत 1600 मीटरची दौड होती. बाकीची पोरं सुटली, पिंगभाऊ तिथेच उभा. शिट्टी त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, कारण मैदानात पिंग होता. चुलत बहिणीच्या लग्नात सगळ्यांच्या अक्षता टाकून झाल्यावर हा एकटाच टाकत होता, तेव्हा मामानं डोळे वटारले. खुलासा आला: "भटजीचा आवाज लॅग होऊन रायला होता." मुलगी पाहून आले, तिकडून महिनाभर उत्तर नाही. घरचे समजायचं ते समजले. पिंगभाऊ म्हणाला, येईल, पिंग आहे.

फक्त एकदा सगळ्यांनी त्याचं ऐकून माना डोलावल्या. बापानं आधारभूत खरेदी केंद्रावर धान घातलं होतं आणि चुकारे येईनात. म्हातारा रोज पासबुक घेऊन बँकेच्या पायऱ्या चढायचा आणि उतरायचा. पिंगभाऊ खाटेवरून म्हणाला, "बाबा, वरतूनच पिंग वाढला." आयुष्यात पहिल्यांदाच बाप पोराला हुशार म्हणाला.

आता नव्या पोरांचं. कोणी नवं पोरगं फोन घेऊन ठेल्याशी आलं की पिंगभाऊ त्याची मुलाखत घेतो. कोणत्या कंपनीचा फोन? रॅम किती? के-डी (मारले भागिले मेले) किती? आणि मग मुख्य प्रश्न, "कोणत्या सालचा?" जन्मसाल नव्हे, गेममध्ये आल्याचं साल. 2018 चा, म्हणजे अस्सल पब्जीचा असेल तर बाकावर जागा मिळते. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं पब्जी बंद केली. पुढं 2 जुलै 2021 ला तिच्याच जागी बीजीएमआय आलं, तेव्हाचा असेल तर ठेल्याला टेकून उभं राहता येतं. 28 जुलै 2022 ला तेही ॲपच्या दुकानातून गायब झालं आणि मे 2023 मध्ये परत आलं. त्यानंतर आलेल्यांनी रस्त्यावरच उभं राहायचं, गाड्या सांभाळून.

आणि फ्री फायरवाला निघाला तर विचारूच नका. फ्री फायर साध्या फोनवर चालायचं. पन्नास जणांचा डाव, दहा मिनिटांत निकाल. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या ज्या पोरांकडं हप्त्यावर घेतलेला स्वस्त फोन होता, ती तिकडंच वाढली. फेब्रुवारी 2022 मध्ये त्या गेमवरही बंदी आली. काहीजण फ्री फायर मॅक्सकडं गेले, काही बिचारे दबकत आमच्या ठेल्यावर आले. पिंगभाऊनं त्यांना असं पाहिलं, की पंगतीतून उठवणाऱ्या जुन्या पाटलाची आठवण व्हावी.

त्याचा आवडता शब्द 'बॉट'. नवख्याला तो नावानं हाक मारतच नाही. "ए बॉट, इकडं लूट घे. ए बॉट, मरू नको." मजा अशी की गेम बनवणाऱ्यांनी बॉट ठेवले ते नेमके नवख्यांच्याच सोयीसाठी. नवीन खेळाडू आला की सुरुवातीच्या डावांत त्याच्यापुढं बरेचसे बॉटच सोडतात. संगणकानं चालवलेले हे गडी समोर उभे राहतात, आभाळात गोळ्या झाडतात आणि शहाण्यासारखे मरतात. पोराला वाटतं, आपल्याला जमून रायलं. उद्या ते परत येतं. दक्षिण कोरियातल्या कंपनीला एवढं कळतं. कुडवा नाक्यावर मात्र नवख्याला पहिल्याच दिवशी अस्सल माणसांच्या तोंडी दिलं जातं आणि तो मेला की आईवरून सुरुवात होते.

मागं कॉलेजातली एक मुलगी ग्रुपात आली. पहिल्या डावात तिनं पिंगभाऊपेक्षा जास्त गडी टिपले. पिंगभाऊ पिंगसुद्धा म्हणाला नाही, इतका गार पडला. पण रात्रीतून ग्रुपातल्या निम्म्या वीरांनी तिला स्वतंत्र 'हाय' पाठवलं, आणि सकाळी ती ग्रुपात नव्हती. पिंगभाऊचा निष्कर्ष: "पोरींले गेमिंगमध्ये इंटरेस्टच नाई."

मग गणपतीत मंडळाची स्पर्धा ठरते. कस्टम रूम, चार-चार जणांचे पंचवीस संघ, शंभर खेळाडू, बक्षीस म्हणून ढाल. नावं भरतात कशीबशी निम्मी. पिंगभाऊ कपाळाला हात लावून म्हणतो, गोंदियात आता दम राहिला नाही, जनता रील पाहण्यात गेली. तीच जनता गेल्या वर्षी याच बाकाभोवती गाड्या सांभाळत उभी होती, हे त्याला कोण सांगणार? गेम दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा परत आला. अपमान करून घालवलेलं पोरगं मात्र एकदाच जातं. लोक उगाच सरकारला दोष देतात.

बापापुढं मात्र हाच माणूस वकील होतो. बापाला रमी आणि बीजीएमआय एकच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा म्हातारा आनंदानं म्हणाला, "बरं झालं, तुझं बंद झालं." पिंगभाऊनं त्याला शेजारी बसवून समजावलं. पैसे लावायचे खेळ वेगळे, ई-स्पोर्ट्स वेगळं, आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मान्यता दिलीय. डिसेंबर 2022 मध्येच ते क्रीडा खात्याकडं गेलं. 2023 ला हांगझोच्या एशियाडमध्ये त्याची खरी पदकं वाटली गेली. आणि त्याच्याही आधी, 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये ते नुसतं प्रदर्शनापुरतं होतं, तेव्हा तीर्थ मेहता नावाच्या पोरानं हार्थस्टोन या गेममध्ये कांस्य आणलं. तो मुंबईचा नाही, बंगलोरचा नाही, भुजचा! हे सांगताना पिंगभाऊचा गळा दाटतो. भुजच्या त्या पोरालाही पहिल्या दिवशी कोणीतरी बाकावर जागा दिली असेल, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही.

बंदीचा विषय निघाला की तो शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर येतो. आमच्याकडं मंडईच्या जत्रांनंतर गावोगाव पट भरायचे. 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. पुढं कायदा बदलला, खटले चालले आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींना मोकळीक दिली. बीजीएमआयही त्याच महिन्यात परतलं. "बैल अन् आमी एकाच महिन्यात सुटलो," हे पिंगभाऊचं वाक्य ठेल्यावर सर्वांना पाठ आहे. गावातले म्हातारे त्यावर एवढंच म्हणतात, की बैल निदान पिंगची तक्रार करत नाही.

मला त्याच्याबद्दल बरं लिहायची बिलकूल इच्छा नाही. पण त्याच्या फोनवर मी एक गोष्ट पाहिली आहे. चौघांच्या स्क्वाडमध्ये त्याच्या नावाखाली तीन नावं आहेत, तिन्ही करडी, ऑफलाइन. एक हिंजवडीत, एक रायपूरच्या कारखान्यात, एक फौजेत. 2018 ला हे चौघं एका पॉवर बँकेवर खेळायचे. गोंदिया तसंही रेल्वेचं गाव, गाडीत बसवून द्यायची आम्हाला सवय आहे. रोज रात्री डाव सुरू करण्याआधी पिंगभाऊ तिघांना बोलावणं धाडतो. थोडा वेळ थांबतो. मग शिव्या देत अनोळखी गडी घेतो. नवखा त्याला का खुपतो ते तेव्हा कळलं. तो पोरगा कोणाच्या तरी जागेवर बसलेला असतो.

2022 च्या जुलैपासून पुढच्या मेपर्यंत तर गेमच नव्हता. ग्रुपात लोक गुड मॉर्निंगचे फोटो टाकायला लागले, काहीजण निघून गेले. हा गडी मात्र रोज रात्री आठला लिहायचा, "कोण कोण येते?" कुठं येते, कशात येते, ते विचारू नका. उत्तरादाखल कोणी अंगठा टाकायचं, कोणी नुसतीच शिवी. तो ग्रुप आज जिवंत आहे तो त्या खुळचट प्रश्नामुळं, हे नाइलाजानं मान्य करावं लागतं.

हल्ली आमगावहून कॉलेजला अप-डाउन करणारं एक पोरगं ठेल्यावर येतं. गाडीला वेळ असला की रस्त्यावर उभं राहून पाहत बसतं. परवा डाव ऐन रंगात असताना त्यानं पिंगभाऊला विचारलं, "भाऊ, हे पिंग म्हंजे का होय जी?"

एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. पिंगभाऊनं मान वर केली. "फोनातून निरोप निघते, सर्व्हरले जाते, वापस येते. जायले-यायले जो टाइम लागला तो पिंग. मिलिसेकंदात मोजतेत, म्हंजे सेकंदाचा हजारवा हिस्सा. वीस-चाळीस असला का मख्खन. शंभराच्या वर गेला का तू गोळी मारतं, अन् समोरचा तवरिक दुसऱ्या घरात पोचते." मग मागं चालू असलेली ॲपं बंद करायची, कोणतं डाउनलोड चालू ठेवायचं नाही, घरातले चौघं एकाच वायफायवर बसले असतील तर काय होतं, हे सगळं त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. इतकं नीट, की आमच्या शाळेत असं विज्ञान कोणी शिकवलं असतं तर मी कुठल्या कुठं असतो. तेवढ्यात झोन आला आणि चौघंही मेले. पिंगभाऊनं सवयीनं तोंड उघडलं.

पोरगं स्क्रीनच्या कोपऱ्यात वाकून म्हणालं, "मंग तुमचा तं चौतीसच हाय जी. हिरवा हाय."

ठेलेवाल्याचा खर्रा घोटणारा हात थांबला. पिंगभाऊनं त्याच रात्री त्या पोराला ग्रुपातून काढलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला परत घेतलं, चौथा गडी मिळत नव्हता. पोरगं आलं ते वर्गातल्या आणखी दोघांना घेऊन, आणि त्यातला एक फ्री फायरवाला निघाला.