सावजीच्या ताटाशेजारी वाइन कशी मांडावी

उमरेडमध्ये वाइनचा प्रश्न सहसा पाहुण्यांसोबत येतो. कऱ्हांडल्याचा वाघ पाहायला पुण्या-मुंबईहून आलेले नातलग पिशवीतून नाशिकची बाटली काढतात, आणि तोवर चुलीवरच्या सावजी मटणाला तर्री सुटलेली असते. अशा प्रसंगी यजमानाने डगमगू नये.

आधी तापमान पाहावे. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असे जाणकार सांगतात. पण त्यांची खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. मे महिन्यातल्या उमरेडात हा सल्ला पाळला तर वाइनचा काढा होतो. फ्रिज चालू असेल तर उत्तम. वीज गेली तर बाटलीला ओले फडके गुंडाळून ती वाऱ्यात ठेवावी. विदर्भाचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे पाणी भराभर उडते आणि बाटलीची उष्णता घेऊन जाते. माठ पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला आहे, फक्त त्याला कोणी सोमेलिए, म्हणजे वाइन वाढणारा जाणकार, म्हणत नाही.

आता खरे संकट. सावजी ही नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची देणगी, आणि शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला तर भौगोलिक मानांकन आहे. मिरचीतले कॅप्सायसिन पाण्याने धुऊन निघत नाही, अल्कोहोल तोंडाची आग आणखी चेतवते आणि लाल वाइनमधले टॅनिन तिखटापुढे कडूजहर लागते. तेव्हा ओकच्या पिंपात मुरलेली, पाहुण्याने तोऱ्यात आणलेली शिराझ रश्श्यापुढे ठेवणे हा दोघांचाही अपमान होय. तिथे गारेगार, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ हवी. नाशिकच्या सुलाने २००० साली पहिली वाइन बाजारात आणली, त्यात ही जात होतीच. तिच्यात उरलेली साखर जिभेला उसंत देते. ‘गोड वाइन?’ म्हणून पाहुणा नाक मुरडेल. मुरडू द्यावे, दुसऱ्या घासाला तेच नाक वाहू लागते.

सांबारवडीसोबत, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीसोबत, सोव्हिन्यों ब्लाँ: तिचा हिरवट वास कोथिंबिरीशी जुळतो. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या भरतासाठी अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेझे चालते, मात्र भरतात मिरची घालताना हात आखडता घ्यावा. गोड पदार्थासोबतची वाइन पदार्थाहून गोड असावी असा दंडक आहे. संत्रा बर्फी आली की जवळपास सगळ्या बाटल्या बाद.

‘आमची वाइन म्हणजे मोह,’ असे एखादे काका हमखास सांगतील. मोहफुले आंबवतात हे खरे, पण पुढे भट्टीवर वाफ धरतात, म्हणून मोहाची दारू वाइन नव्हे. मध्य प्रदेशाने तिला वारसा-मद्याचा मान दिला. इकडच्या जंगलकाठच्या हातभट्टीची जोडी मात्र पोलिसांशीच जुळते.

राहता राहिली कागदपत्रे. १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या किराणा दुकानांत वाइन विकायला मंजुरी दिली होती. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, वाद पेटला, आणि वाइन काही तूरडाळीशेजारी आली नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना गिरडच्या दर्ग्याला न्यायचे असेल, तर उरलेली बाटली घरीच ठेवावी. गिरड वर्धा जिल्ह्यात येते, आणि तिथे दारूबंदी आहे.