स्लो धरत नाही

बेल्हे-जेजुरी रस्त्यावर गाडी पळवणं काही अवघड नाही. अवघड आहे ते गाडी जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवणं. पायाखाली रेस असली की इंजिन खुशीत असतं. पाय काढला की मात्र त्याला स्वतःच्या हिमतीवर मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेत थांबावं लागतं. पुढंही जायचं नाही आणि बंदही पडायचं नाही. गॅरेजमध्ये याला स्लो म्हणतात. आमच्या गाडीनं यंदा ऐन उसाच्या हंगामात स्लो धरणं सोडून दिलं.

म्हणजे काटा आठशेवरून उठायचा, चौदाशेला शिवायचा, तिथून पाचशेवर पडायचा आणि पुन्हा उठायचा. बॉनेट थडथडायचं. आरसा हलून हलून त्यात मागच्या गाडीऐवजी माझाच डावा कान दिसायचा. पारगावच्या कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉल्यांमागं थांबायची वेळ आली की इंजिन हटकून बंद. मागचा हॉर्न थांबत नसे, पुढचा ऊस हलत नसे, आणि बायको पदर खोचत विचारायची, "अहो, उतरू का?"

गाडी जन्मानं पेट्रोलची. सीएनजीचं किट नंतर बाहेरून बसवलेलं. किट म्हटलं की लोकांना फक्त डिकीतली टाकी दिसते, कारण ती बॅग ठेवू देत नाही. खरा प्रकार पुढं बॉनेटखाली असतो. टाकीतला गॅस दोनशे बारच्या दाबाचा. रिड्यूसर त्याला दोन बारच्या आसपास आणून माणसात बसवतो. आणि त्या सगळ्यावर देखरेख करायला किटवाल्यांचा स्वतःचा ईसीयू, म्हणजे छोटा संगणक असतो. कंपनीचा मूळ ईसीयू आधीपासून आहेच. तो बिचारा अजूनही समजतो, की आपण पेट्रोलवर चाललोय. तो पेट्रोलच्या इंजेक्टरला "अमुक इतके मिलिसेकंद उघड" म्हणून निरोप पाठवतो. किटवाला ईसीयू तो निरोप वाटेतच अडवतो, आपल्या कोष्टकातल्या आकड्यानं गुणतो आणि गॅसच्या इंजेक्टरला सांगतो. सायलेन्सरच्या तोंडाशी बसलेला ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगून मूळ साहेबाला कळवतो, की इंधन कमी पडलं किंवा जास्त झालं. साहेब दुरुस्ती करतो. त्या दुरुस्तीवर किटवाला पुन्हा आपली दुरुस्ती करतो. सामायिक विहिरीवर दोन भावांचे दोन स्टार्टर असले, की एक जण पाणी बघून मोटर बंद करतो आणि दुसरा तेच पाणी बघून चालू करतो. आमच्या बॉनेटखाली हा कारभार चालू होता.

पूर्वी बरं होतं. कार्बोरेटरला स्लोचा एक स्क्रू असायचा. कुणीही यावं, तो अर्धा फेरा पिळावा, इंजिनाकडं कान द्यावा आणि "आता बघ" म्हणावं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, बहुतेक नव्या मोटरसायकलींवरूनही कार्बोरेटर गेला, आणि गावोगावचे कितीतरी कर्तबगार हात रिकामे झाले. ते हात आता दुसऱ्याचं बॉनेट कुठं उघडं दिसतंय हे बघत फिरतात.

आमचं बॉनेट रोजच उघडं असायचं. वायरमन म्हणाला, अर्थिंग. ठिबकवाला म्हणाला, फिल्टर चोकप झालाय, ॲसिड सोडा. निवृत्त गुरुजींनी पेट्रोलमधल्या इथेनॉलवर बोलायला सुरुवात केली ती चहा येऊन गेला तरी संपेना. गाडी त्या वेळी गॅसवर आहे, हे त्यांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही. बैलगाड्याच्या नादातले आमचे एक दादा चाकाला टेकून एवढंच म्हणाले, "खुराक कमी पडतोय." १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं शर्यती कायदेशीर ठरवल्यापासून दादांचा सगळ्याच विषयांतला आत्मविश्वास वाढलाय. गंमत म्हणजे गुरुजींचं सोडलं, तर यातलं एकही निदान सर्वस्वी चूक नव्हतं. ढिल्या अर्थिंगनं सेन्सर खोटं बोलतात, तुंबलेल्या फिल्टरनं आणि थ्रॉटलवरच्या काजळीनं स्लो बिघडतो, आणि खुराक, म्हणजे मिश्रणातलं इंधन, खरोखरच कमी पडत होतं. फक्त का कमी पडतंय, हे दादांच्या अखत्यारीबाहेर होतं.

शेवटी किटवाल्यांच्या माणसाला बोलावलं. त्यांच्या मदतकेंद्रातल्या बाईंना मी पत्ता सांगितला, लोणी. पुणे जिल्ह्यात लोणी काळभोर आहे, लोणी कंद आहे, लोणी भापकर आहे, लोणी देवकर आहे. आमच्या लोणीला आडनाव नाही. माणूस आधी लोणी काळभोरला जाऊन आला. मग मी तालुका सांगितला, आंबेगाव. तर तो कात्रजजवळच्या आंबेगाव बुद्रुकला पोचून तिथून मला हात हलवल्याचा फोटो पाठवू लागला. पाबळच्या पुढं ये, असं सांगितल्यावर एकदाचा संध्याकाळी उगवला.

त्यानं बॉनेटखाली पाहिलंच नाही. लॅपटॉप उघडला, वायर जोडली, पडद्यावर रंगीत चौकटी आल्या, आणि स्लोच्या चौकटीतले आकडे त्यानं वर चढवले. गॅस वाढला. काटा आठशेला चिकटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. "मॅपिंगचा प्रॉब्लेम होता, काका," तो म्हणाला आणि पैसे घेऊन अंधार पडायच्या आत गेला, कारण उसात बिबट्या असतो हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आठवडाभरात काटा पुन्हा सूरपारंब्या खेळू लागला.

आमचा भाचा पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलेला. डॉ. कलबागांनी १९८३ साली काढलेली ही संस्था पोरांना हातानं काम करून शिकवते. त्यामुळं ती पोरं पुढं कुणाचंच तोंडी ऐकत नाहीत. त्यानं स्टिअरिंगखालच्या सोळा टोकांच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा स्कॅनर खोचला, आणि पहिलं काम म्हणजे गाडी गॅसवरून पेट्रोलवर घेतली. पेट्रोलवरही काटा हलत होता. "मामा, गॅसचं नंतर. दुखणं पेट्रोलचंच आहे," तो म्हणाला. मग मोबाइलवर त्यानं दाखवलं: स्लोमध्ये मूळ ईसीयू हिशेबापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त इंधन ओततोय, आणि रेस वाढवून अडीच हजारावर धरली की तीच दुरुस्ती चार-पाच टक्क्यांवर येते. याचा अर्थ, कुठून तरी चोरवाटेनं हवा आत शिरतेय. आमच्या गाडीत आत जाणारी हवा मोजायला दारातच सेन्सर बसलाय. त्याच्या पलीकडून घुसलेली हवा त्याच्या वहीत येत नाही. इंजिन स्लोमध्ये हवा घेतं थोडी आणि ओढतं जोरात, म्हणून चोरीचा वाटा मोठा दिसतो. रेसमध्ये त्याच चोरीला कुणी विचारत नाही.

तेवढ्यात आमचे नाना आले. नानांची उभी हयात विहिरीवरच्या ऑईल इंजिनात गेली. किर्लोस्करांनी १९४६ साली खडकीत जो इंजिनांचा कारखाना काढला, त्याची निम्मी इंजिनं आपण दुरुस्त केली, असा त्यांचा दावा आहे. नाना काठीवर भार देऊन क्षणभर ऐकत राहिले आणि म्हणाले, "हवा घेतंय."

डिझेल इंजिनात हवा घेणं म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरणं. तिचा आमच्या दुखण्याशी काडीचा संबंध नाही. पण उत्तर बरोबर आलं होतं, आणि भाच्याचा चेहरा पडला. त्यानं नानांना नीट समजावून सांगितलं, की वेग सावरायला नेमलेलं यंत्र उशिरा किंवा फार जोरात सावरायला लागलं, की वेग झोके घ्यायला लागतो. मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं १८६८ साली अशाच यंत्रावर, म्हणजे गव्हर्नरवर, निबंध लिहून याचं गणितच मांडलंय. नाना म्हणाले, "आमच्या गव्हर्नरची पिन झिजली की हेच व्हायचं. त्याला कशाला गणित?"

मग त्यांनी शेजारच्या वावरातून ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा मागवला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं बॉनेटखाली फिरवू लागले. भाचा समोरून साबणाच्या पाण्याचा फवारा घेऊन निघाला. दोघं एकमेकांकडं न बघता एकाच जागी पोचले. रिड्यूसरकडून इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डकडं जाणारी पेन्सिलीएवढी रबरी नळी. खालच्या बाजूनं, जिथं नजर जात नाही तिथं, कुरतडलेली. गाडी रात्री कांद्याच्या बराखीला लागून उभी असते. तिथल्या उंदरांना कांद्याचा कंटाळा आला असावा. फवारा पडला, नळीनं पाणी सुर्रकन ओढलं, काटा दचकून खाली आला.

नळी बदलली. पेट्रोलवर काटा गप बसला. सगळे खूश. मग गॅसवर घेतली, तर गाडी पहिल्यापेक्षा वाईट. धाप लागल्यासारखी धडधडली, सायलेन्सरमधून उग्र वास, आणि बंद. दादा म्हणाले, "आता खुराक जास्त झाला," आणि या वेळी ते पूर्ण बरोबर होते. लॅपटॉपवाल्यानं भोकातून येणाऱ्या फुकट हवेला पुरेल एवढा गॅस कोष्टकात वाढवून ठेवला होता. भोक बुजलं, वाढीव गॅस तसाच. मूळ ईसीयूनंही तोपर्यंत ती चोरी मनावर घेऊन कायमची तजवीज केलेली. भाच्यानं बॅटरीची वायर काढून त्याच्या सवयी पुसल्या, आणि किटवाल्याला फोन लावला. तो पुन्हा लोणी काळभोरला गेला.

दुसऱ्या दिवशी आकडे जागेवर आले. यश कुणाचं, यावर नाना आणि भाचा यांच्यात अबोला आहे. नानांच्या मते पोरानं मोबाइलमध्ये बघून त्यांचंच वाक्य वाचलं. भाच्याच्या मते डिझेलचं उत्तर पेट्रोलला लिहून मार्क मागणं हा लबाडपणा आहे. उंदराचं नाव दोघंही काढत नाहीत.

परवा नानांना घोडेगावला तहसीलात न्यायचं होतं. ते पुढं बसले, पट्टा लावला, थोडा वेळ वाट पाहिली, आणि "चालू तरी कर की रं" म्हणत स्वतःच किल्ली फिरवली. गाडी चालूच होती. स्टार्टरनं अशी काही किंकाळी फोडली, की बराखीवरची कबुतरं उडाली. नाना दचकले नाहीत. शांतपणे किल्ली सोडून म्हणाले, "आता याचा स्टार्टर दाखवून घे."