घडाचे संप्रेरक, बाईचे संप्रेरक

निफाड-दिंडोरीच्या बागांत ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षघडांना जिब्रेलिक आम्लाची, म्हणजे मण्यांची फुगवण वाढवणाऱ्या संप्रेरकाची, मात्रा दिवस मोजून आणि पीपीएममध्ये तोलून दिली जाते. मात्र ते घड द्रावणात बुडवणाऱ्या बाईचे इस्ट्रोजेन पंचेचाळिशी-पन्नाशीत ओसरू लागले, तर त्याची दखल हजेरीपत्रक घेत नाही. मातृत्व लाभाच्या कायद्याला गर्भपात कळतो, स्त्री-नसबंदीसाठी तो दोन आठवड्यांची रजाही देतो (कागदावर, कारण रोजंदारीच्या बांधापर्यंत तो क्वचितच चालत येतो). परंतु रजोनिवृत्ती, म्हणजे सलग बारा महिने पाळी न आल्यावर निश्चित होणारी अवस्था, आली की गर्भाशयाबरोबर कायद्याचेही कुतूहल निवृत्त होते. अंगातून निघणाऱ्या वाफांचे खापर उन्हावर फोडावे, तर घड बुडवण्याचा हंगाम नेमका नाशिकच्या थंडीत येतो.