हसू दाबण्याची कार्यपद्धती : शिरवळ परिसरातील मातांसाठी

आईपणात विनोद शोधावा लागतो, असा समज ज्यांनी पसरवला त्यांच्या घरी मूल नसावे. विनोद घरभर सांडलेला असतो. पायाला टोचतो, सोफ्याखाली सापडतो, कधी शेंगदाण्याच्या रूपाने नाकात जाऊन बसतो. अडचण एवढीच, की तो नेमका रागवायच्या वेळी घडतो आणि आई हसली की खटला तिथेच निकालात निघतो. सबब या सूचना विनोद शोधण्यासाठी नसून, योग्य वेळ येईपर्यंत तो गिळून ठेवण्यासाठी आहेत.

हसण्याची जागा आधी ठरवावी. फ्रिजमध्ये डोके घालणे ही जुनी पद्धत, पण चार वर्षांवरील मुले ती ओळखतात. दोरीवरची ओली चादर जास्त भरवशाची. एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेला माणूस घरात झोपला असेल, तर बिनआवाजी हसण्याचा सराव करावा. त्यात फक्त खांदे हलतात. मुलाने ते पाहिल्यास ‘आई रडतेय’ असे समजून ते आपणहून माफी मागते. माफी स्वीकारावी. खुलासा करू नये.

‘म्हशीसारखा लोळू नकोस’ हे वाक्य इतर गावांत खपते, शिरवळात जपून. इथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि मुलांना ते ठाऊक आहे. ताप आला की मूल म्हणते, “तूच म्हणालीस मी म्हैस आहे. मग मला म्हशीच्या डॉक्टरांकडे ने. तिथं औषध गुळातनं देतात.” या युक्तिवादाला उत्तर नाही. चादरीकडे जावे.

खरी कसोटी ३ जानेवारीची. सावित्रीबाई फुले १८३१ साली जन्मल्या त्या नायगावी, आणि नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यातले. त्यामुळे इथे जयंती नुसता हार घालून उरकत नाही. उद्या सावित्रीबाई होऊन जायचे आहे, ही बातमी मुलगी २ तारखेला रात्री अंथरुणात शिरल्यावर देते. शाळेचा निरोप डायरीत आठवडाभर आधीच आलेला असतो, फक्त ती पाने जॅमने चिकटलेली असतात. डायरी सोडवत बसू नये. शेजारणीकडे साडी मागायला निघावे. तीही त्याच कामासाठी निघालेली असते, जिन्यात गाठ पडते. सेफ्टी पिना सढळ हाताने लावाव्यात आणि दुसरी साडी पिशवीत ठेवावी. पुण्यात शाळेला जाताना सावित्रीबाईही जादा साडी बरोबर नेत, कारण वाटेत लोक अंगावर शेण फेकत. आपल्या सावित्रीबाईला विरोधकांची गरज नसते. डब्यातली आमटी ती स्वतःच अंगावर घेते.

कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसू नये. रांगभर सावित्रीबाई, त्यांच्यात जोतीराव एकच, आणि तेही पागोट्याखालून “बाई, शू लागली” म्हणत असतात. आपली मुलगी माइकपाशी येते, “मी मुलींसाठी शाळा काढली” एवढे पाठ केलेले म्हणते आणि पुढे पदरचे जोडते, “पण मला सुट्टीच आवडते.” इथे भल्याभल्या माता कोसळल्या आहेत. ओढणी तोंडाला लावावी. लोकांना वाटते, भरून आले. तसे ते आलेलेही असते, पण तो या पत्रकाचा विषय नव्हे.

प्रवासाबद्दल थोडक्यात : खंबाटकीच्या घाटात मुलाच्या पोटातले बाहेर येते आणि बोगद्यात मनातले. पहिल्यासाठी पिशवी ठेवता येते. दुसऱ्याला इलाज नाही. काळोख होतो, एसटी गप्प होते आणि खणखणीत आवाज येतो, “आई, आत्याचा फोन आला की तू कपाळाला हात का लावतेस?” आत्या पलीकडच्याच सीटवर असते. अशा वेळी मुलाला बोगद्याची लांबी, रुंदी, उंची सांगू लागावे. माहीत नसली तरी सांगावी.

इतके करूनही शिस्त ढासळते ती आजीमुळे. नातवाने देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला टूथपेस्ट लावली, आपण चेहरा दगडासारखा केला, आणि आतल्या खोलीतून “खी खी” ऐकू आले, की सुनावणी तहकूब करावी. ज्येष्ठांवर कारवाईची तरतूद नाही.

तक्रार असल्यास माहेरी फोन करावा. तिथून सहानुभूती मिळत नाही. त्याच वयात आपण काय काय केले होते, याची यादी मिळते. हा फोन स्पीकरवर ठेवू नये.