डोंगर हलवला, माती मागवली

दिवाळी जवळ आली की ‘घरच्या घरी, सोप्यात सोपं’ या नावाचा एक वार्षिक उद्योग सुरू होतो. पाच मिनिटांत आकाशकंदील, दहा मिनिटांत तोरण, आणि भाऊबीजेसाठी टाकाऊतून टिकाऊ भेटवस्तू. या उद्योगाची खरी कसोटी लागते ती उलव्यात. कारण उलवे हा नवी मुंबईतला सिडकोचा नोड, म्हणजे आखून वसवलेली वसाहत आहे, आणि नोडात टाकाऊ असं काही सापडत नाही. इमारती नव्या, लिफ्ट नव्या, बामणडोंगरी आणि खारकोपर ही स्टेशनंसुद्धा नोव्हेंबर २०१८ची. वन बीएचकेत जुनी साडी जपून ठेवायची तर नवी ठेवायला जागा उरत नाही, आणि रिकामी बरणी सांभाळावी तर माळाच नाही. त्यामुळे टाकाऊतून टिकाऊ करायचं ठरलं की पहिलं काम म्हणजे टाकाऊ माल ऑनलाइन मागवणं. सुतळी येते, मुद्दाम पिवळट केलेला कागद येतो, ज्यांच्यावर कुणी कधी आइस्क्रीम खाल्लं नाही अशा आइस्क्रीमच्या काड्या शंभराच्या गठ्ठ्याने येतात. करवंटीला तर कमी लेखूच नका. २०१८च्या सुरुवातीला ॲमेझॉनवर एका अर्ध्या करवंटीला हजार रुपयांच्या वर भाव लागला होता आणि त्याची बातमीही झाली होती. आतलं खोबरं संपवण्याचे कष्ट कुणीतरी आधीच घेतले होते, त्याची ती मजुरी असावी.

पण खरी करमणूक मातीची आहे. उलव्याचा डोंगर सुमारे ९० मीटर उंच होता. नवी मुंबई विमानतळाच्या आड आला म्हणून तो सुरुंग लावून उतरवला, त्याच्याच दगड-मुरुमाने खाडीकाठची सखल जमीन भरून काढली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावं उठवली. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि दोन आठवड्यांच्या आत दिवाळी आली. म्हणजे एक अख्खा डोंगर ज्यांच्या दारासमोरून डंपरने इकडचा तिकडे गेला, त्या पोरांना किल्ल्यासाठी दोन घमेली माती मिळेना. नर्सरीत मिळते, पिशवीत बांधलेली, कोकोपीट घातलेली. तिच्यात तुळस झकास येते, पण बुरूज उभा राहत नाही. शिवाय सोसायटीच्या फलकावर सूचना असतेच : पार्किंगमध्ये माती आणू नये, टाइल्स खराब होतात. मग रस्त्याच्या कडेला प्लास्टरचा तयार रायगड मिळतो. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, रायगड त्यांतलाच एक. उलव्यातल्या रायगडाचा विशेष असा की तो लिफ्टमध्ये मावतो. त्याच्यावर हळीव पेरायची सोय नाही, म्हणून हिरवा भुसा आधीच चिकटवलेला असतो. दिवाळी संपली की गड खाली उतरतो आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यांमध्ये त्याचं नेमकं स्थान कुठलं, यावर थोडा खल होतो.

आता कंदिलाकडे वळू. जुन्या पद्धतीचा कंदील सोपा होता असं कुणी सांगत असेल, तर त्याने तो केलेला नाही. बांबूच्या कामट्या तासताना कूस बोटात जायची. एक चौकट दोऱ्याने आवळून बांधेपर्यंत दुसरी तिरकी व्हायची. मैद्याची खळ मंद आचेवर गुठळी न होऊ देता घोटायची, झुरळांनी ती खाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, आणि पतंगाच्या कागदाला तिचं बोट जरा जास्त लागलं की ताव फाटलाच. वर करंज्या आणि शेपट्या कातरायच्या राहिलेल्या असत. दोन-तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसे, आणि घरातली मोठी माणसं रागावत असली तरी उचला म्हणत नसत. ऑनलाइन मागवलेल्या तयार किटातल्या कंदिलात यातलं काही नाही. पुठ्ठा कापलेला, खाचा पाडलेल्या, खाचेत खाच घातली की कला झाली. विमानाच्या आकाराचा कंदील ही एकेकाळी चाळीतल्या पोरांची कमाल समजली जाई. आता २५ डिसेंबर २०२५पासून उलव्याच्या शेजारून खरी विमानं उडतात आणि खाली गॅलरीत सगळ्या मजल्यांना एकाच रंगाचा, समितीने ठरवून घाऊक आणलेला कंदील लटकतो.

यावर किटवाल्यांचं पहिलं उत्तर तयार असतं : आमचं सगळं पर्यावरणपूरक आहे. राज्याने २३ मार्च २०१८ला प्लास्टिक आणि थर्मोकोलवर बंदीची अधिसूचना काढली, त्याच वर्षी गणपतीच्या मखरापुरती सूट मागायला गेलेल्यांना उच्च न्यायालयाने परत पाठवलं, हे खरंच. थर्मोकोल गेला आणि त्याच्या जागी फोमशीट आलं. सोबत बंदुकीने लावायच्या गरम गोंदाच्या कांड्या, त्याही प्लास्टिकच्याच. वर चकाकी. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चकाकीची विक्री ऑक्टोबर २०२३पासून थांबवली, आपण तिला अजून हस्तकलेचं साहित्य म्हणतो. कोकणात भात तयार झाला की लोंब्या आणि आंब्याची पानं गुंफून दाराला नवं बांधतात. उलव्याच्या सेक्टरांखाली जी भातशेती गेली, तिच्यावर उभ्या राहिलेल्या दारांना आता प्लास्टिकच्या लोंब्यांचं तोरण असतं. ते दरवर्षी धुऊन वापरता येतं, हे मान्य करायलाच हवं.

दुसरं उत्तर वेळेचं, आणि ते खोटं नाही. नवरा-बायको दोघंही खारकोपरहून गाडी पकडून किंवा अटल सेतूवरून मुंबईला जाणार, दिवेलागणीनंतर परतणार, तर कामट्या तासायच्या कधी? पण हाच माणूस किट निवडायला, त्यावरचे अभिप्राय वाचायला, चुकीचा रंग आला म्हणून परत पाठवायला किती संध्याकाळी घालवतो, याचाही हिशोब मांडावा. अडचण वेळेची असली तरी ती दुय्यम आहे. हस्तकलेला कौशल्याआधी पसारा करण्याची मुभा लागते, आणि तीच आपण काढून घेतली आहे. भिंतीला खिळा नको, ओट्यावर खळ नको, लॉबीत कामट्या नकोत, पार्किंगमध्ये माती नको. किट खपतं ते सोपं असतं म्हणून नव्हे. त्याचा कचरा पाकिटातच राहतो म्हणून.

मुलं यातून शिकतात, हे तिसरं समर्थन. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी सूतकताईसारख्या हस्तोद्योगातूनच शिक्षण द्यावं, अशी मांडणी केली. त्यात सूत तुटणं गृहीत होतं. तुटलं की पुन्हा जोडायचं, तेवढ्यात पोर शिकायचं. किटात काही तुटू शकत नाही. शाळेचा प्रकल्प म्हणून आणलेलं किट बहुधा आईच जोडते, मूल फोटोत उभं राहतं, आणि बाईंना दोघांचं कौतुक करावं लागतं.

मग विकत घेऊच नये का? जरूर घ्यावं. उलव्याच्याच रायगड जिल्ह्यात पेण आणि हमरापूरची घरंच्या घरं गणपती घडवतात, आणि विकत आणलेल्या मूर्तीमुळे कुणाची भक्ती कमी झाल्याचं ऐकिवात नाही. बुरुडाकडून टोपली घ्या, कुंभाराकडून पणत्या घ्या, बचत गटाच्या बाईंकडून कंदील घ्या. भाव न पाडता पैसे मोजा आणि भेट देताना ‘विकत आणलंय’ म्हणा. आक्षेप आहे तो किटासोबत येणाऱ्या त्या छापील चिठ्ठीला, जिच्यावर ‘माझ्या हातांनी, प्रेमाने’ असं कारखान्यातूनच छापून येतं. संक्रांतीच्या वाणात प्लास्टिकचा डबा देणारी बाई निदान तो आपण घडवला असं म्हणत नाही.

तेव्हा उलव्याच्या सोसायट्यांना एवढीच विनंती. वार्षिक सभेत एक ठराव आणा : वसुबारस ते तुळशीचं लग्न, पार्किंगची एक जागा रिकामी ठेवायची आणि तिथे एक टेम्पो माती टाकायची. सचिवांनी टाइल्सचं कारण पुढे केलं, तर टाइल्स पुसता येतात, एवढं इतिवृत्तात नोंदवून घ्या.