घोटागणिक हिशेब

७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे पंचवीस घोट बसतात, हे गणित भाऊजींनी नाशिक शहर मागे पडायच्या आतच सोडवलं. ते बँकेतून निवृत्त झालेत. आकडा दिसला की त्यांना स्वस्थ बसवत नाही. आम्ही निघालो होतो त्या वायनरीच्या टेस्टिंगच्या तिकिटात सहा वाइन, म्हणजे १८० मिली, म्हणजे पाव बाटलीही नाही. "आणि पैसे अख्ख्या बाटलीचे!" ते म्हणाले. मागून ताई म्हणाली, "अहो, मग बाटलीच घ्या आणि गच्चीवर बसा. पेट्रोल तरी वाचेल."

गंगापूर धरणाच्या परिसरात सुला या वायनरीने २००५ साली टेस्टिंग रूम उघडली, तेव्हा द्राक्ष चाखायला पैसे मोजायचे ही कल्पनाच नाशिककरांना नवी होती. इथल्या कुठल्याही बागेत पाहुणा गेला की थॉम्पसनचा घड फुकट हातात पडतो. आता शेजारी यॉर्क आहे, दिंडोरीकडे शांदों आहे, आणि 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही आहे. आम्ही गेलो ती वायनरी यांच्या मानाने लहान, पण तिकिटाच्या बाबतीत कुणाच्या मागे नव्हती.

आधी कारखाना दाखवला. छताला भिडलेल्या स्टीलच्या टाक्या आणि स्वेटरची आठवण करून देणारा गारवा. माहिती देणाऱ्या मुलीने सांगितलं, की काळ्या द्राक्षाचा रससुद्धा बहुधा पांढुरकाच निघतो. रेड वाइनला रंग येतो तो रसात सालं मुरू दिल्यामुळे. भाऊजींनी लगेच विचारलं, "म्हणजे रेड महाग असते ती सालीमुळे?" ती म्हणाली, "नाही काका, पिंपामुळे." ओकची पिंपं परदेशातून येतात आणि काही वर्षांत त्यांची चव उतरते. भाऊजींनी या घसाऱ्यावर मान डोलावली. हा खर्च त्यांना पटला.

मग टेबलावर ग्लास मांडले गेले. वाढणाऱ्या मुलाचा हात इतका सधलेला, की ३० मिलीच्या वर एक थेंब पडला नाही. "ग्लास फिरवा, वास घ्या. सॉव्हिन्यों ब्लाँ आहे. हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतोय?"

येत होता, अगदी स्वच्छ. ताई म्हणाली, "कालच पीठ पेरून केली होती. कुणी तिकीट काढलं नाही."

शिराझमध्ये काळी मिरी निघाली. भाऊजींना मात्र दुसरंच काही खुपत होतं. टेबलावर एक भांडं होतं. "हे कशाला?" त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "थुंकायला, सर. खूप वाइन चाखायच्या असल्या की जाणकार गिळत नाहीत, म्हणजे जीभ शेवटपर्यंत शाबूत राहते." भाऊजींनी भांडं दोन बोटांनी टेबलाच्या पार टोकाला सरकवलं. पैसे भरून घेतलेली वस्तू थुंकण्याइतकं जाणकार होण्याची त्यांची तयारी नव्हती. ताईच्या कॅबर्नेतला उरलेला घोटही त्यांनीच संपवला, वसुलीच्या भावनेने.

शेवटी उशिरा खुडलेल्या शेनिन ब्लाँची गोड वाइन आली आणि ताई पहिल्यांदा गप्प झाली. मग म्हणाली, "ही घ्या."

तिकिटाचं मोल तिथे कळलं. घरी भाऊजींना निरोप समारंभात मिळालेली रेड वाइन आहे. कुणालाच आवडत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं फ्रिजच्या दारात उभी आहे. टेस्टिंगमध्ये पाच वाइन नापसंत करायला पाव बाटली पुरते. दुकानात त्यासाठी पाच बाटल्या विकत घ्याव्या लागतात. हा हिशेब भाऊजींनाही मान्य झाला.

तेव्हा जायचं तर जानेवारी ते मार्चमध्ये जा, तेव्हा खुडणी चालू असते. शनिवार-रविवार टाळा, पोटभर जेवून जा आणि न पिणारा एक माणूस गाडी चालवायला सोबत न्या. त्याचं तिकीट काढावं लागेल का, हे फोन करून आधीच विचारा.