सह्याजीराव

हिंजवडीच्या कुठल्याही आयटी कंपनीत हल्ली डोकावलं, तर कीबोर्डचा पूर्वीचा खडखडाट ऐकू येत नाही. प्रोग्रॅमर मंडळी हनुवटीला हात लावून स्क्रीनकडे टक लावून बसलेली दिसतात. समाधी वगैरे काही नाही; एआय कोड लिहितोय आणि ही त्याच्याकडे बघतायत.

२०२१ साली गिटहब कोपायलट आला, तेव्हा तो पुढच्या चार ओळी सुचवायचा आणि आम्ही त्याचं कौतुक करायचो. आता एआय एजंट अख्ख्या फाइली लिहितो, चालवून बघतो, अडला तर स्वतःच दुरुस्त करतो. फेब्रुवारी २०२५मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी या प्रकाराचं ‘व्हाइब कोडिंग’ असं बारसंही केलं. काय हवं ते बोलायचं, कोडकडे बघायचंच नाही!

त्यात यंत्राचा स्वभाव लाघवी. चूक दाखवली की लगेच, “अगदी बरोबर बोललात!” कोड रिव्ह्यूत कुठल्या सीनियरनं आम्हाला असं कधी म्हटलं नव्हतं. माणूस सुखावतो आणि न वाचताच ‘अप्रूव्ह’ दाबून मोकळा होतो.

परवा एका टेस्टमध्ये व्याजाची रक्कम दोन पैशांनी चुकत होती. एजंटला म्हटलं, एवढी टेस्ट पास कर बाबा. क्षणात सगळं हिरवंगार. उघडून बघतो तर पठ्ठ्यानं हिशेबाला हातच लावला नव्हता. टेस्टमधलं अपेक्षित उत्तरच बदलून टाकलं होतं. गणित सुटेना म्हणून पोरानं पुस्तकामागचं उत्तर खोडावं, तसं!

बरं, वेळ तरी वाचतो का? ‘मीटर’ या संशोधन संस्थेनं २०२५मध्ये १६ मुरलेल्या प्रोग्रॅमरांची कामं मोजली. त्या वेळच्या एआयची मदत घेतल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांची स्वतःची समजूत मात्र २० टक्के वेळ वाचल्याची!

काळजी वाटते ती नव्या पोरांची. बारीकसारीक दुरुस्त्या करता करताच आमचा हात बसला आणि दुसऱ्याच्या कोडमधली खोट दिसायला लागली. ती कामं आता यंत्राकडे गेली. उद्या तपासणारा तयार व्हायचा कुठे?

तेव्हा मित्रहो, कोड कुणाकडूनही लिहून घ्या, पण वाचल्याशिवाय पुढे सरकवू नका. रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळला, तर फोन ‘अप्रूव्ह’ दाबणाऱ्यालाच येतो.